विकर्सीच्या धक्क्याच्या तीनशे बारा फळ्या

विकर्सी गावात आल्मा थर्टलला ओळखत नाही असा माणूस शोधून सापडला नसता, पण तिच्याशी बोलायचं कसं हे फार थोड्यांना ठाऊक होतं. तिच्यासमोर उभं राहायचं, उजेड आपल्या तोंडावर पडेल असं बघायचं, आणि ओरडायचं नाही. ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात आणि तिला काही कळत नाही. नवखा माणूस हटकून ओरडायचा. मग ती शांतपणे म्हणायची, "ओरडू नका हो, मी बहिरी आहे." समोरचा गोंधळून गप्प बसायचा, आणि तिचं काम आणखीच अवघड व्हायचं.

ती जन्माची बहिरी नव्हती. तिचे कान समुद्रानं नेले, आणि तेही हप्त्याहप्त्यानं.

तिचा बाप प्रोफेसर मॅलोज. कुठल्या कॉलेजाची पायरी तो कधी चढला नव्हता. पण त्या काळी धक्क्याच्या टोकावरून समुद्रात सूर मारून लोकांची करमणूक करणारा जो तो स्वतःला प्रोफेसर म्हणवून घेई, तसा हाही घेई. पेटत्या पोत्यात शिरून उडी, सायकलीवर बसून उडी, हातपाय बांधून उडी, असे त्याचे खेळ. उन्हाळाभर तो एका गावच्या धक्क्यावरून दुसऱ्या गावच्या धक्क्यावर फिरायचा आणि आई नसलेल्या पोरीला बरोबर न्यायचा. आल्मा आठ वर्षांची असताना त्यानं तिला पहिल्यांदा पाण्यात ढकललं. ती वर आली आणि म्हणाली, "आता न ढकलता." तेव्हापासून जाहिरातीवर दोघांची नावं छापली जाऊ लागली.

विकर्सीला ती दोघं आली १९०६ साली. आल्मा सतरा वर्षांची होती. विकर्सीचा धक्का तेव्हा ऐन भरात होता. किनाऱ्यापासून सोळाशे फूट समुद्रात गेलेला, लोखंडी खांबांवर उभा, वरून फळ्यांची जमीन. लंडनहून पाणी मागं ढकलणाऱ्या चाकांची आगबोट टोकाला लागायची, पण बोटीनं येणाऱ्यांपेक्षा फिरत्या फाटकातून दोन पेनी देऊन आत शिरणारेच जास्त. त्यांना बोट नको असायची, कुठं जायचंही नसायचं. पाय न भिजवता समुद्रावर चालायचं, बँड ऐकायचा, पेनी टाकल्यावर फाशीचा देखावा दाखवणाऱ्या पेटीपुढं रांग लावायची, व्हिनेगर शिंपडलेले शिंपले खायचे, टोकाच्या पॅव्हेलियनमध्ये विनोदी गाणी ऐकायची आणि भरतीची वेळ झाली की कठड्याशी गर्दी करून मॅलोज बापलेकीचे सूर बघायचे. भरती रोज तासभर पुढं सरकते, तसा त्यांच्या खेळाचा फळाही रोज खडूनं नव्यानं लिहावा लागे.

तो फळा लिहायचा रूबेन थर्टल. तो खरा धक्क्याचा सुतार. उंच, बारीक, बोलायला कंजूष. सोळाशे फूट फळ्यांतली कुठली हलते, कुठली कुजायला लागली आहे हे तो चालता चालता टाचेनं ओळखायचा. आल्माची चाळीस फूट उंच उडीची माची त्यानंच बांधली. पहिल्याच दिवशी ती वर चढली आणि खाली उतरून त्याच्यापुढं येऊन उभी राहिली.

"फळीच्या टोकाला काथ्याची दोरी गुंडाळलीय, ती कुणी सांगितली?"

"कुणी नाही."

"मग?"

"ओल्या पायांना फळी धार्जिणी नसते," रूबेन म्हणाला. "तुम्ही घसरलात तर नाव माझ्या सुतारकामाचं जाईल."

"म्हणजे काळजी सुतारकामाची."

रूबेनच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आल्मा पुढं सगळ्यांना सांगायची, की नवऱ्यानं मला मागणी घातली ती दोरीनं. तोंडानं घालायला त्याला पुढं पाच वर्षं लागली.

१९११ साली त्यांचं लग्न झालं. गल्लीच्या शेवटाला असलेलं, मागं लांबट अंगण असलेलं दोन खोल्यांचं घर त्यांनी घेतलं. मूल झालं नाही. बाप वारला. पहिलं महायुद्ध आलं नि गेलं. आल्मा सूर मारत राहिली, आणि दर उन्हाळ्याच्या शेवटी तिला थोडं कमी ऐकू येऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, पडदे फाटलेत, आता सोडा हे. तिनं आणखी तीन उन्हाळे काढले. १९२३ च्या ऑगस्टमध्ये ती पाण्यातून वर आली तेव्हा कठड्यावरची दोनशे माणसं टाळ्या वाजवत होती आणि तिला फक्त हलणारे हात दिसत होते. ती शिडीनं वर आली, अंगावर पंचा घेतला, रूबेनला म्हणाली, "संपलं." त्यानं मान हलवली. दुसऱ्या दिवशी माची उतरवली.

धक्का चालवणाऱ्या कंपनीनं तिला टोकाच्या चहाघरात नोकरी दिली. लोकांना वाटलं, बहिरी बाई चहाघर काय चालवणार. पण धक्क्यावर आल्मा पुरती बहिरी नव्हतीच. फळ्यांतून तिच्या तळपायांना सगळं कळायचं. बँडचा मोठा ढोल, आगबोट लागल्याचा हादरा, शाळेच्या सहलीतल्या पोरांची धावाधाव, दूरवरून येणारी रूबेनची एक पाय किंचित ओढत चालायची चाल. ती किटलीतून चहा ओतता ओतता म्हणायची, "माझा म्हातारा निघाला," आणि चार मिनिटांनी रूबेन दारात उभा. गिऱ्हाइकं थक्क व्हायची. गावात, दगडी रस्त्यावर मात्र तिला काहीच ऐकू यायचं नाही. त्यामुळं सुट्टीच्या दिवशीही ती धक्क्यावरच यायची.

शेजारीण डॉर्कस पीक तिला चिडवायची, "थर्टलबाई, नवरा दिवसभर त्या धक्क्याच्या अंगाखाली झोपतो नि तुम्ही अंगावर बसता. ती सवत कुणाची म्हणायची, तुमची का त्याची?"

"ती थोरली आहे," आल्मा म्हणायची. "आम्ही दोघं तिच्या पदरी."

१९४० चा मे महिना संपत आला तेव्हा लष्कराचे लोक आले. फ्रान्स पडायला आलं होतं. जर्मन बोटी येऊन सरळ धक्क्याला लागल्या तर सैन्य पाय न भिजवता गावात उतरेल, म्हणून पूर्वेच्या किनाऱ्यावरचे धक्के मधोमध तोडायचा हुकूम निघाला होता. विकर्सीला एक तरुण कॅप्टन चार माणसं आणि सुरुंगाच्या पेट्या घेऊन आला. बोलायला सभ्य होता. म्हणाला, मधला दीडशे फुटांचा तुकडा उडवायचा आहे.

रूबेन टोपी हातात घेऊन त्याच्यापुढं गेला. आल्मा बाजूला उभी राहून दोघांचे ओठ बघत होती.

"साहेब, लोखंड तुम्ही तोडा. फळ्या मला काढून घेऊ द्या."

"वेळ नाही, मिस्टर थर्टल."

"किती नाही?"

कॅप्टनला हसू आलं. "दोन दिवस देऊ शकतो."

"दोन दिवसांत होईल. लढाई संपली की परत बसवायला लागतील. चांगलं लाकूड आहे, राळेचं. असं आता मिळत नाही."

"लढाई संपल्यावर," कॅप्टन म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा झाला, की आल्माला पुढचं ओठांवरून वाचायची गरज राहिली नाही.

दोन दिवस रूबेन आणि तीन म्हातारे कामगार वाकून फळ्या उचकटत होते. रूबेन प्रत्येक फळीच्या टोकाला खालच्या बाजूनं पटाशीनं नंबर कोरायचा. एकपासून तीनशे बारापर्यंत. आल्मा म्हणाली, "नंबर कशाला? फळी ती फळी."

"प्रत्येक फळी आपल्या जागी झिजलेली असते," तो म्हणाला. "दुसऱ्या जागी घातली तर पाय अडखळेल." मग जरा थांबून म्हणाला, "तुला तर लगेच कळेल."

तिसऱ्या दिवशी सकाळी सुरुंग उडाला. आल्मा किनाऱ्यावर वाळूत उभी होती. तिला काही ऐकू आलं नाही. पोटात एक ठोसा बसल्यासारखं झालं, एवढंच. धूर गेल्यावर बघितलं तर किनाऱ्याकडचा धक्का होता तिथं होता आणि टोकाचं पॅव्हेलियन, चहाघर, बँडचा मंडप हे सगळं समुद्रात एकटं उभं होतं, जणू कुणी ते ठेवून विसरून गेलं आहे. रूबेन तिच्या शेजारी होता. त्यानं ते बघितलं, पाठ फिरवली आणि घरी चालू लागला. मागं वळून बघितलं नाही.

कंपनीची वखार लष्करानं घेतली होती, म्हणून फळ्या थर्टलांच्याच अंगणात आल्या. अंगणाच्या टोकाला रूबेनची कामाची शेड होती. तिच्यात आणि तिच्या बाहेर ताडपत्रीखाली त्यानं फळ्या रचल्या. मध्ये हवा खेळावी म्हणून प्रत्येक थरात पट्ट्या घातल्या. दर वसंतात तो त्या उतरवायचा, पुसायचा, उलटपालट करून परत रचायचा. युद्ध संपेपर्यंत पाच वेळा आणि युद्ध संपल्यावर एकदा.

कारण युद्ध संपलं तरी धक्का जोडला गेला नाही. कंपनी बुडाली, धक्का नगरपालिकेकडं आला, आणि नगरपालिका दर वर्षी पुढचं वर्ष म्हणू लागली. गावात घरं पडली होती, शाळेला छप्पर नव्हतं. लोखंड मिळत नव्हतं. रूबेन सभेला जाऊन मागच्या बाकावर बसायचा. एकदा त्यानं उठून सांगितलंही, की फळ्या तयार आहेत, नंबर घातलेल्या आहेत, फक्त तुळया बसवा. अध्यक्ष म्हणाले, मिस्टर थर्टल यांचे आभार. घरी आल्यावर आल्मानं विचारलं, "काय म्हणाले?"

"आभार म्हणाले."

"मग वाईट काय?"

"त्यापेक्षा नाही म्हणाले असते तर बरं."

१९४६ च्या उन्हाळ्यात तो एकदा ओळखीच्या कोळ्याच्या होडीतून टोकाकडं जाऊन आला. काय बघितलं ते त्यानं सांगितलं नाही. आल्मानं खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाला, "समुद्रपक्षी आहेत. बरेच." त्या दिवसापासून त्याचा खोकला सुरू झाला असं ती म्हणायची, पण खोकल्याचा आणि त्या फेरीचा काही संबंध नसावा. तो बासष्ट वर्षांचा होता आणि चाळीस वर्षं वाऱ्यात काढलेला.

मग १९४७ चा हिवाळा आला. ज्यांनी तो काढला ते अजून त्याचं नाव काढताना हात चोळतात. जानेवारीच्या शेवटी बर्फ पडायला लागलं ते मार्चपर्यंत थांबलं नाही. किनाऱ्यालगत समुद्राचं पाणीसुद्धा गोठून कुरकुरीत झालं. रेल्वे अडली, खाणीतला कोळसा खाणीतच राहिला. दिवसाचे काही तास वीज बंद. पाव युद्धात कधी मोजून मिळाला नव्हता तो आता मोजून मिळत होता. आणि बर्फाच्या पहिल्याच आठवड्यात रूबेनला न्यूमोनिया झाला.

डॉक्टर ग्रीव्ह बर्फातून चालत आले. त्यांनी आल्माला खिडकीशी नेलं, तोंडावर उजेड घेतला आणि प्रत्येक शब्द सुटा करून सांगितलं, "खोली गरम ठेवायची. औषधापेक्षा ते महत्त्वाचं. दिवसरात्र."

"कोळसा नाही, डॉक्टर."

"कुणाकडंच नाही," डॉक्टर म्हणाले. "पण ठेवायची."

तिनं रूबेनचा पलंग खाली, शेगडीजवळ आणला. त्याला काही लागलं की तो काठी खोलीच्या लाकडी जमिनीवर आपटायचा आणि मागच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी तिला पायाखाली कळायचं. पहिले चार दिवस तिनं सफरचंदांचे खोके जाळले, कोंबड्यांचं खुराडं जाळलं, कोंबड्या पीकबाईंच्या हवाली केल्या. मग दोन खुर्च्या. मग वरच्या खोलीतली कपडे वाळत घालायची लाकडी चौकट. किनाऱ्यावर जाऊन बर्फाखाली वाहून आलेलं लाकूड शोधलं, पण अर्धं गाव तेच शोधत होतं. पाचव्या दिवशी दुपारी शेगडी विझली. रूबेन झोपेत कुडकुडत होता आणि त्याचे ओठ निळे पडले होते. त्या ओठांवरूनच तर ती गेली पंचवीस वर्षं त्याचं बोलणं वाचत आली होती. त्यांचा तो रंग तिला सोसवेना.

ती अंगणात गेली. शेडच्या दारापुढचं बर्फ फावड्यानं काढलं. आत जाऊन बराच वेळ फळ्यांपुढं उभी राहिली. मग वरच्या थरातली एक ओढून लाकूड कापायच्या घोडीवर ठेवली, खुंटीवरची रूबेनची करवत घेतली, आणि शेडचं दार घट्ट लावून घेतलं.

तिनं विचार केला होता. करवतीचा आवाज होतो हे तिला माहीत होतं. पण शेड अंगणाच्या टोकाला, दार बंद, चारी बाजूंनी कमरेइतकं बर्फ, आणि तो तापात. किती आवाज म्हणजे किती, हे तिच्या लक्षातून कधीच निसटलं होतं. तिच्या हाताला फक्त करवतीची थरथर कळत होती. पहिली फळी तिनं नंबर न बघता कापली. दुसऱ्या फळीच्या वेळी नजर गेलीच. तीनशे अकरा.

राळेचं लाकूड. भडकन पेटलं. खोलीभर ऊब पसरली आणि डांबरासारखा, समुद्रासारखा वास सुटला. संध्याकाळी रूबेननं डोळे उघडले, शेगडीकडं बघितलं.

"कोळसा आला?"

"नाही. किनाऱ्यावर लाकूड वाहून आलं," आल्मा म्हणाली. चाळीस वर्षांत ती त्याच्याशी फारशी खोटं बोलली नव्हती. जमलं की नाही हे तिला कळेना.

त्यानं शेगडीकडं पुन्हा बघितलं. मग तिच्याकडं तोंड करून, तिला नीट दिसेल असं म्हणाला, "चांगलं लाकूड वाहून आलंय."

"हो," ती म्हणाली. "झोप आता."

त्यानंतर रोज सकाळी ती शेडमध्ये जाऊन दिवसभराचं लाकूड कापू लागली. रोज दोन फळ्या, फार गारठा असेल तेव्हा तीन. सात वर्षं त्यानं ज्या पुसल्या, उलटल्या, झाकल्या, त्या. तिनं शेवटच्या नंबरापासून सुरुवात केली होती आणि क्रमानं मागं येत होती. क्रम सोडला तर आपण आणखी काहीतरी मोडतो असं तिला वाटायचं. दोनशे नव्वदच्या आसपास सगळ्यांत जास्त झिजलेल्या फळ्या आल्या. त्यांच्या मधोमध पावलांनी झिजून उथळ खळगा पडला होता. चहाघराकडं जाताना त्या खळग्यात तिनं कित्येक वर्षं पाय टाकला होता. तिनं हातमोजा काढून एकदा तिथं हात फिरवला आणि कापायला घेतलं.

फेब्रुवारीच्या मध्याला रूबेनला जरा बरं वाटलं. उशीला टेकून बसला, दोन चमचे सूप प्याला. म्हणाला, "आल्मा, माझी करवत आण. आणि कानस."

तिनं वाटी खाली ठेवली. "करवत कशाला?"

"पडून पडून हात गंजले. काहीतरी करतो."

"शेडचं दार बर्फानं धरलंय."

"तू उघडशील," तो म्हणाला. "तुझ्यासारख्या बाईला दार काय जड आहे."

ती शेडमध्ये गेली. करवतीच्या दातांत अडकलेला भुसा तिनं फडक्यानं पुसला, पुन्हा पुसला, नखानं काढला. मग आणून दिली. रूबेननं ती गुडघ्यांवर आडवी घेतली, पात्यावरून अंगठा फिरवला. आल्मा त्याचा चेहरा बघत होती. चेहऱ्यावर काहीच नव्हतं; काम करताना असायचं तेवढंच. तासभर तो एकेका दाताला कानस लावत होता. मध्ये खोकल्याची उबळ आली की थांबायचा. झाल्यावर म्हणाला, "बोथट करवत माणसाचा खांदा खाते. जागेवर ठेवून दे."

तिनं ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी करवत लाकडात लोण्यात शिरावी तशी शिरली. तिला वाटलं, बरं झालं, याला काही कळलं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात त्याला पुन्हा ताप चढला. नऊ तारखेला दुपारी तो गेला. खोली गरम होती. दुसऱ्या दिवशी बर्फ वितळायला लागलं, आणि कबर खोदणाऱ्यांना दोन दिवस थांबावं लागलं, कारण वरची माती चिखल झाली होती आणि खालची अजून दगड. सत्त्याऐंशी फळ्या जळल्या होत्या. उरलेल्यांवर आल्मानं ताडपत्री ओढली आणि शेडला कुलूप घातलं.

पुढची दोन वर्षं ती कशी जगली हे पीकबाईंना विचारावं. घर झाडायची, चर्चला जायची, नगरपालिकेच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. पण कुणी धक्क्याचं नाव काढलं की उठून जायची. वर्तमानपत्रात धक्क्याबद्दल दोन ओळी आल्या तरी ते पान ती शेगडीत घालायची. आज ना उद्या कुणीतरी येणार, फळ्या मागणार, मोजणार, आणि विचारणार, की मिस्टर थर्टल यांनी एवढ्या भरवशानं सांगितलं होतं ते काय झालं. लोक म्हणतील रूबेन खोटं बोलला. स्वतःला नावं ठेवलेली तिला चालली असती.

१९४९ च्या एप्रिलमध्ये तो माणूस खरोखरच आला. नगरपालिकेचा इंजिनिअर, लॅम्बोर्न. तरुण, चष्मा, हातात कागदांची गुंडाळी. तो दारात उभा राहून ओरडायला लागला, तेव्हा पीकबाई धावत आल्या आणि म्हणाल्या, "ओरडू नका, हळू बोला, टोपी काढा म्हणजे तोंड दिसेल त्यांना." तिघं स्वयंपाकघरात बसली.

"मिसेस थर्टल, नोंदीत आहे की धक्क्याच्या काही फळ्या आपल्याकडं आहेत."

"तीनशे बारा होत्या," आल्मा म्हणाली. "दोनशे पंचवीस आहेत. बाकीच्या मी जाळल्या." ती टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी धरून बोलत होती. "सत्तेचाळीसच्या थंडीत. माझ्या नवऱ्याला माहीत नव्हतं. त्यानं सांभाळल्या होत्या. दोष माझा लिहा, त्याचा नको."

लॅम्बोर्न काहीतरी बोलला. आल्माला वाटलं आपण चुकीचं वाचलं. तिनं कागद पुढं केला. त्यानं त्यावर लिहिलं: टोकाचा भाग पाडून टाकायचा ठराव झाला आहे. धक्का जोडणार नाहीत. फळ्यांची नगरपालिकेला गरज नाही, आपण ठेवू शकता, एवढंच सांगायला आलो होतो.

आल्मानं ते दोनदा वाचलं.

"म्हणजे कधीच नव्हत्या लागणार?"

लॅम्बोर्ननं होकारार्थी मान हलवली. तो भला माणूस होता. त्याला तिथून उठून जाता येईना आणि बसवेही ना. म्हणाला, "युद्धाच्या आधीही खांब गंजलेलेच होते, मॅडम. तुमचे पती कुशल कारागीर होते. पण खांब..." पुढचं त्यानं सोडून दिलं. पीकबाईंनी त्याला दारापर्यंत पोचवलं.

परत येऊन त्या आल्मासमोर बसल्या. "बघा, उगाच जीव जाळलात दोन वर्षं. आणि तुमच्या नवऱ्याला माहीत नव्हतं काय म्हणता? तोच सांगत असेल तुम्हाला कापायला, असं आम्ही समजत होतो."

"तो कसा सांगेल? त्याला पत्ताच नव्हता."

पीकबाईंनी खुर्ची पुढं ओढली. "थर्टलबाई, रोज सकाळी सात वाजता तुमची करवत सुरू व्हायची. भिंतीपलीकडं माझी कपबशी वाजायची. सबंध गल्ली त्या करवतीवर उठायची. मिस्टर पीक म्हणायचे, घड्याळाची गरज नाही, थर्टलबाई उठल्या."

"आवाज यायचा?"

"यायचा म्हणजे? सुरुवातीला तर नुसतं खर्रखर्र, दात विचकल्यासारखं, अंगावर काटा यायचा. मग मध्येच एक दिवस आवाज बदलला, गुळगुळीत झाला. आम्ही म्हटलं, कुणीतरी धार लावून दिली वाटतं."

आल्मानं इंजिनिअरच्या कागदाची घडी घातली. पीकबाईंना वाटलं तिला कळलं नाही, म्हणून त्या पुन्हा सांगायला लागल्या, तर आल्मानं हात वर करून त्यांना थांबवलं. तिच्या डोळ्यांपुढं रूबेनचा अंगठा पात्यावरून फिरत होता. उशीला टेकून, तापातून नुकता उठलेला माणूस, आपल्याच फळ्या कापायच्या करवतीला एकेक दात करून धार लावत होता. आणि ती समोर बसून त्याचा चेहरा वाचत होती, गावात सगळ्यांत चांगला वाचणारी ती, आणि तिला काही वाचता आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी ती कबरस्तानात गेली. चर्चचा झाडूवाला पलीकडं गवत कापत होता, त्यानं हे पुढं गावात सांगितलं. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती चढला ते कळत नाही. थर्टलबाई दगडापुढं उभी राहून मोठ्यानं भांडत होती, म्हणे. "एक शब्द बोलायचा होतास. एकच. मी जाळतेय ते तुला चालतंय, एवढं म्हणायला काय झालं होतं? दोन वर्षं मी तोंड लपवून फिरले. जन्मभर तोंडात गुळणी धरलीस ती धरलीस, मरताना तरी सोडायची होतीस." मग खाली बसली आणि कबरीवरचं गवत हातानं उपटायला लागली, आणि झाडूवाला दुसरीकडं निघून गेला.

त्याच उन्हाळ्यात क्रेन घेऊन तराफा आला आणि पॅव्हेलियन, चहाघर, मंडप एकेक करून उचलून नेलं. बारा दिवस काम चाललं. गाव किनाऱ्यावर बघायला लोटलं होतं. आल्मा गेली नाही. ती तलावावर पोरांच्या पोटाखाली हात धरून त्यांना तरंगायला शिकवत होती. बाराव्या दिवशी पीकबाई तलावाच्या काठाशी आल्या, तिच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "झालं. आता काही दिसत नाही."

"बरं," आल्मा म्हणाली. एका मुलीची हनुवटी पाण्यात जात होती, ती तिनं बोटानं वर उचलली.

उरलेल्या फळ्या तिनं गल्लीत ज्याला हव्या त्याला दिल्या. कुणी खुराडी केली, कुणी बाकं. पीकबाईंनी जिन्याच्या दोन पायऱ्या बदलल्या. स्वतःसाठी तिनं स्वयंपाकघरातल्या ओट्यापुढं, जिथं ती उभी राहायची तिथून खोलीच्या उंबऱ्यापर्यंत, चार फळ्या टाकून घेतल्या. सुतार म्हणाला, खालची फरशी चांगली आहे, कशाला उगाच. ती म्हणाली, फरशी गार लागते.

ती १९५८ मध्ये गेली. शेवटचं वर्षभर ती अंथरुणावर होती आणि पीकबाई तिचं करायच्या. घरात शिरल्या की त्या आधी स्वयंपाकघरात जाऊन त्या फळ्यांवर दोनदा पाय आपटायच्या. हादरा लाकडातून तिच्या पलंगापर्यंत पोचायचा आणि खोलीतून आल्माचा आवाज यायचा, "आलात का?"